टेंप्रेचर हाय

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. माहेरी, पाबळला, घरातले म्हणायचे की हिच्या डोक्यावर पापड भाजून निघेल. पुढं जे सांगणार आहे ते या तापट डोक्यामुळंच घडलं, आणि त्यातून मी निभावले ते एका थंड डोक्याच्या माणसामुळं. त्या माणसाचे आभार मी वेळेवर मानले नाहीत. म्हणून आता लिहायला बसले आहे.

कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारी एक कंपनी आहे. तिथला कॉम्प्युटर विभाग मी सांभाळते. विभाग म्हणजे काय, तर मी आणि एक थंडगार खोली. खोलीला खिडकी नाही, दार कायम बंद; माझं टेबल आणि इंटरकॉम लांब, ऑफिसात. आत दोन उंच लोखंडी रॅक आहेत आणि त्यांत सर्व्हर एकावर एक सरकवलेले, स्वयंपाकघरातल्या मांडणीत ताटं लावावीत तसे. कारखान्याची हजेरी, कॅमेरे, कँटीनची कुपनं आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्या नोंदी या ताटांमध्ये असतात. खोलीतला एसी बंद पडला, की उन्हाळ्यात तासाभरात तिची भट्टी होते.

म्हणून मी तिथं एक प्रोग्राम बसवला होता. तो कुणाला दिसत नाही. मशिन सुरू झालं की तोही गुपचूप सुरू होतो आणि पाठीमागं बसून राहतो. दर मिनिटाला तो प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करतो: आत किती गरम आहे, पंखे नीट फिरतायत का, वीज बरोबर येतेय का. गरम वाटलं तर पंख्यांचा वेग वाढवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर सूचना देतो. आणि तरीही कुणी धावून आलं नाही, तर एकेक सर्व्हर नीट बंद करत जातो, म्हणजे जळायच्या आत तो झोपी जावा. कुठला आधी बंद करायचा याची यादी मीच करून दिली होती. पहिलं नाव कँटीनच्या कुपनांचं, मग कॅमेरे, मग हजेरी. प्रयोगशाळा सगळ्यांत शेवटी, कारण तिथल्या चाचण्या आठवडेच्या आठवडे चालतात आणि मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आता अशी सूचना कुठंही मोबाइलवर येते. पण आमच्याकडं आत ठिणगीनंही पेटणाऱ्या सॉल्व्हंटचा धोका, त्यामुळं मोबाइल गेटवरच्या कपाटात ठेवूनच आत यायचं. माझ्या प्रोग्रामनं ओरडायचं तरी कुणाकडं? शेवटी त्याचा एक स्क्रीन युटिलिटीत लावला. युटिलिटी म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर, एसी सांभाळणारा विभाग. तिथं पाळीला कुणी ना कुणी असतंच. त्यानं स्क्रीन बघायचा आणि काही झालं तर इंटरकॉमवर मला कळवायचं, असं ठरलं.

पहिल्या पाळीला तिथं असायचे मामा.

सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा. मी एकटी मामा म्हणायचे, कारण दौंड माझं सासर तर आहेच, पण त्याआधी आजोळ आहे, आणि आजोळचा प्रत्येक वडीलधारा माणूस मामाच. त्यांचं घराणं दौंडात पिढ्यान्‌पिढ्यांचं. वडील रेल्वेत फिटर होते. मामा साठीला टेकलेले, पांढरी दाढी, डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत जाळीची टोपी. त्यांनीही मला भाची करून टाकलं होतं. म्हणायचे मात्र ‘भाचीबाई’, आणि तेही अहोजाहो करून. त्यात माझी थोडी थट्टाच असायची.

मामा मशिनला कधी तळहात लावायचे नाहीत. बेअरिंग असो, पाइप असो, दार असो, आधी हाताची पाठ टेकवायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, “तळवा लावला आन् करंट आसला, तर मूठ आवळती. मंग सुटत न्हाई. पाठ लावली की हात आपसूक मागं येतो.” वडिलांनी शिकवलेलं होतं ते. हाताच्या पाठीनं ते अचूक सांगायचे की कुठलं बेअरिंग महिनाभर टिकेल आणि कुठलं उद्याच बदलायला पाहिजे.

स्क्रीन लावला त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “ह्यो तुमचा गडी पाठीमागं बसून करतो काय दिसभर?”

“बघतो आणि लिहून ठेवतो, मामा. सगळं लिहितो. मिनिटामिनिटाचं.”

“म्हंजी आमचे फरिश्ते! दोन खांद्यांवर दोन बसल्यात. एक चांगलं लिवतो, एक वाईट लिवतो.”

मी म्हटलं, “इंग्रजीत मात्र अशा प्रोग्रामला भुताचं नाव आहे.”

“इंग्रजांना काय कळतंय,” मामा म्हणाले आणि खिशातल्या फडक्यानं त्यांनी स्क्रीन पुसला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एकच्या आधी त्यांचा फोन यायला लागला. स्क्रीनवर तीन ओळी असायच्या, पंख्याची, विजेची आणि तापमानाची. त्या वाचून मामा हजेरी दिल्यासारखं सांगायचे, “फॅन हाय, करंट हाय, टेंप्रेचर हाय. समदं हाय, भाचीबाई.” सगळं जागेवर आहे, असा त्याचा अर्थ. पहिले काही दिवस मला मजा वाटली. मग कंटाळा आला. मग राग यायला लागला. हातात काम असायचं, समोर साहेब उभे असायचे आणि फोन घणघणायचा. एक दिवस मी त्यांना सुनावलंच, “मामा, समदं हाय हे सांगायला फोन करायचा नसतो. काही बिघडलं तरच करायचा. एवढं साधं कसं कळत नाही?”

“बरं,” मामा म्हणाले. फोन बंद झाले. चार दिवस माझ्या टेबलावर शांतता होती आणि मला त्या शांततेत काही खटकलं नाही.

पाचव्या दिवशी फोन वाजला. मे महिन्यातली दुपार होती. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, ऑडिटची माणसं येणार म्हणून तीन विभागांना तीन कागद पाहिजे होते, आणि माझे हात शाईनं बरबटले होते.

“भाचीबाई, टेंप्रेचर हाय.”

झालं, यांचं परत सुरू. माझं डोकं फिरलं. “असू दे की मामा! टेंप्रेचर असणारच. जाईल कुठं ते?”

“न्हाई, हाय म्हंजी...”

“कळलं हो! मी सांगितलं होतं ना तुम्हाला?” आणि मी फोन आपटला.

मग हात धुऊन कँटीनला गेले. तिथं ही रांग. काउंटरवरचा माणूस मला बघून लांबूनच ओरडला, “म्याडम, तुमचं मशिन मेलं!” कुपनाचं मशिन बंद होतं. वायर सैल झाली असेल म्हणून मी वाकून बघायला लागले. तेवढ्यात सिक्युरिटीचा माणूस मलाच शोधत आत आला. म्हणाला, “क्यामेरे पण गेले, म्याडम. समदे एकदम.”

कुपन आणि मग कॅमेरे. यादी माझ्याच हातची होती. मी तिथंच ताठ उभी राहिले आणि पंधरा मिनिटांपूर्वी ऐकलेला शब्द मला आता पहिल्यांदा नीट ऐकू आला. स्क्रीनवर इंग्रजीत ‘हाय’ आलं होतं, वर चढलेलं, जास्त झालेलं, बॉयलरच्या काट्यावर असतं ते हाय. मामांनी बरोबर वाचलं होतं. मी ते आपल्या गावचं ‘हाय’ ऐकलं होतं. तापमान वाढलंय, असं तो माणूस मला सांगत होता, आणि मी म्हणाले होते, असणारच.

 मी पळत सुटले.

सर्व्हरच्या खोलीबाहेर अडीअडचणीसाठी ठेवलेल्या किल्लीच्या पेटीची काच फुटून खाली पडली होती. दार सताड उघडं होतं. पॅकिंगमधले दोन मोठे स्टँडचे पंखे ओढून आणलेले, एक हवा आत ढकलत होता आणि दुसरा बाहेर काढत होता. आत मामा उभे होते, घामानं चिंब भिजलेले. रॅकच्या अंगाला त्यांनी हाताची पाठ लावली होती.

“योक एसी ट्रिप हून बंद पडलाय. दुसरा आपोआप चालू व्हायला पायजे व्हता, त्यो झाला न्हाई,” ते म्हणाले. “म्या हातानं चालू केलाय. उतरतंय आता.”

मी स्क्रीन उघडला. हजेरीचा सर्व्हरही बंद झाला होता. पुढचा नंबर प्रयोगशाळेचा होता. त्याचा हिरवा दिवा चालू होता आणि तापमानाचा आकडा हळूहळू खाली येत होता. जीव भांड्यात पडला. माझ्या त्या पाठीमागं बसलेल्या गड्यानं पंखे पूर्ण वेगानं पळवून, एकेक ओझं उतरवून वेळ काढला होता, आणि त्या वेळात मामा पोचले होते. फोन आपटलेला ऐकूनही ते गप्प बसले नव्हते. इथवर चालत येऊन त्यांनी दाराला हाताची पाठ लावली होती आणि मग काच फोडली होती. मी तेव्हा आमटीभाताच्या रांगेत होते.

आणि मी त्यांना काय म्हणाले? “मामा, काच कशाला फोडलीत?” असं म्हणाले. लाज वाटते, पण म्हणाले.

औषधांच्या कारखान्यात असली गोष्ट तिथंच मिटत नाही. बंद खोलीचं दार परवानगीशिवाय का उघडलं, काच कुणी फोडली, कॅमेरे का बंद होते, या सगळ्याचा लेखी खुलासा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता, आणि तो मी लिहायचा होता. मी प्रोग्रामच्या नोंदी काढल्या. त्यांत सगळं होतं. सूचना युटिलिटीच्या स्क्रीनवर दाखवली, वेळ अमुक. सूचनेची दखल कुणीही घेतली नाही. दखल घेतल्याचं एक बटण असतं, ते दाबायला पाहिजे होतं. मामांनी बटणाऐवजी फोन उचलला होता, आणि इंटरकॉमवरचं बोलणं कुठं लिहिलं जात नाही. चांगलं लिहिणारा आणि वाईट लिहिणारा, दोघांच्याही वहीत माझा आवाज नव्हता.

मी खुलासा लिहिला. सूचना वेळेवर दिसूनही युटिलिटी विभागाकडून दखल घेतली गेली नाही, दार विनापरवानगी उघडलं गेलं, असं त्यात होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि तो कागद मला अगदी सुरक्षित वाटत होता. मामा कंत्राटावर होते. कंत्राटावरच्या माणसाला कुणी मेमो देत नाही. उद्यापासून येऊ नका म्हणतात, की संपलं. हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी मामांच्या शेजारी जाऊन बसले. कागद पिशवीत होता. काय लिहिलंय ते मी सांगितलं. मला वाटलं, ते भांडतील. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं, मी पण भांडले असते.

“लिवा की,” ते म्हणाले. “काच म्याच फोडली. बटन दाबायचं राह्यलं ते बी खरं. माझं काय, आठ म्हयनं राह्यल्यात. तुमची आख्खी नोकरी पुढं हाय.”

“आणि फोन, मामा?”

“फोनचं कुठं लिवलंय? मंग झालाच न्हाई.”

बस वाटेतल्या रेल्वे फाटकाला थांबली. मालगाडी जात होती. मामा डबे मोजत राहिले. मग खिडकीकडं बघतच म्हणाले, “येकच हुतं. आपल्यात माणूस रिटायर झाला की समदा डिपार्टमेंट हार घालून गेटपतूर सोडाया येतो. चाळीस जणांना सोडाया गेलो आसंन मी. आपल्याला बी कुणी तरी सोडावं, आसं वाटायचं. जाऊ द्या.”

फाटक उघडलं. कुरकुंभ येईपर्यंत मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

मीटिंगला मोठे साहेब होते, क्वालिटीचे साहेब होते, युटिलिटीचे इंजिनियर होते. मामांना बाहेर बाकावर बसवलं होतं. मोठ्या साहेबांनी कागद मागितला. मी तो दिला नाही. मी म्हणाले, “सर, यात लिहिलेलं अपुरं आहे. मला फोन आला होता. सूचना दिसल्यावर लगेच. युटिलिटीतून मामांनी फोन केला आणि मी आपटला.”

“काय सांगितलं त्यांनी फोनवर?”

“टेंप्रेचर हाय.”

“मग? बरोबरच आहे की. तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणाले, असू दे.”

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, “सर, मला वाटलं, आहे म्हणतायत. ते रोज सांगायचे, फॅन हाय, करंट हाय, टेंप्रेचर हाय. मीच त्यांना रागावून फोन बंद करायला लावले होते. मला माझ्या गावचं हाय ऐकू आलं.”

 क्वालिटीचे साहेब हैदराबादकडचे. त्यांनी गोंधळून सगळ्यांकडं पाहिलं. युटिलिटीचे इंजिनियर त्यांच्याकडं वाकून अगदी गंभीरपणे म्हणाले, “सर, इनके यहाँ ‘हाय’ मतलब ‘है’.” मोठे साहेब मूळचे शिरूरचे. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं होतं, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

मला लेखी समज मिळाली आणि नोकरी कायम व्हायला सहा महिने उशीर झाला. ते योग्यच होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मामांना आत बोलावलं. मोठे साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, “चाचा, काच फोडण्यासाठीच असते.” एवढंच. मामांनी मान हलवली, आणि बाहेर आल्यावर मला रागावले, “कशापायी सांगितलंत? शानपना करायला कुणी सांगितला हुता?” आयुष्यात पहिल्यांदा कुणी रागावल्यावर मी उलट बोलले नाही.

त्या दिवशी दुपारी एकच्या आधी मी हातातलं काम टाकून फोनजवळ बसून राहिले. वाजला.

“फॅन हाय,” पलीकडून आवाज आला. मग जरा थांबून, “करंट हाय. टेंप्रेचर...”

“काय मामा?”

“बराबर हाय.”

मी डोळे पुसत हसत होते. त्यानंतर आठ महिने तो फोन रोज आला आणि मी तो रोज शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला. प्रोग्राममध्येही एक बदल केला. इंग्रजीतली सूचना काढून टाकली आणि मामांना विचारलं, काय लिहू? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “तापलंय, पळा.” आता क्वालिटीच्या फायलीत, इतक्या सगळ्या इंग्रजी कागदांमध्ये, ते शब्द छापलेले आहेत, आणि ऑडिटला येणारी परगावची माणसं ते अडखळत वाचतात.

मामांच्या शेवटच्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर सगळं युटिलिटी गेटवर आलं. कँटीनचा काउंटरवाला आला, सिक्युरिटी तर तिथंच होती, आणि मोठे साहेबही हेल्मेट काखेत धरून आले. झेंडूचे हार इतके झाले की दाढी दिसेना. मी गर्दीच्या मागं उभी होते. इतके दिवस जे म्हणायचं राहिलं होतं ते मनात जुळवत होते आणि जुळत नव्हतं. शेवटी मामाच गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं आले.

मी म्हणाले, “मामा, तुमच्यामुळं मी हाय हितं.” 

त्यांनी हात वर केला आणि हाताची पाठ माझ्या कपाळाला लावली, बेअरिंगला लावतात तशी. हात मागं आला नाही. क्षणभर तिथंच राहिला.

“टेंप्रेचर न्हाई,” मामा म्हणाले. “मंग समदं हाय.”